रेस्क्यू केलेल्या बॉल पायथनचं हीटिंग: नाशिकच्या थंडीत काय लावायचं, कसं लावायचं

नाशिकमध्ये पाळीव सापांचे खरे हाल होतात ते डिसेंबर-जानेवारीत. निफाडचा पारा ५-६ वर आल्याच्या बातम्या येतात तेव्हा शहरातसुद्धा पहाटे १० च्या खाली जातो, घरात खिडक्या बंद करून झोपलो तरी खोली १८-१९ ला असते आणि फरशी तर विचारूच नका. आता बॉल पायथन हा घाना, टोगो, बेनिनकडचा प्राणी, त्याला रात्रीसुद्धा २४-२५ च्या खाली गेलेलं चालत नाही. कुणीतरी हौसेने घेतला, मग नोकरी लागली, लग्न ठरलं, आईने सांगितलं की घरात हा राहील नाहीतर मी, आणि तो आला तुमच्याकडे प्लास्टिकच्या डब्यात, हीटिंग शून्य. अशांसाठी हे लिहितोय.

त्याआधी कायद्याचं. धामण, नाग, मांडूळ, अजगर असले आपले देशी साप घरात ठेवता येत नाहीत, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, तसा साप सापडला तर वनविभागाच्या १९२६ ला फोन करा, टाकी-बिकी लावत बसू नका. बॉल पायथन परदेशी असला तरी त्याचीही नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर लागते आणि ताबा बदलला की तेही कळवावं लागतं, त्यामुळे आधीच्या मालकाकडून साप घेताना कागदही घ्या.

पहिल्या रात्री काहीच सामान नसेल तर थर्मोकोलचा बॉक्स घ्या, झाकणाला भोकं पाडा, साप कापडी पिशवीत घालून पिशवी आत ठेवा, आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये नीट गुंडाळून एकाच कोपऱ्यात उभी करा. आतली हवा २६-२८ झाली की पुष्कळ झालं. गारठलेल्या सापाला गरम पाण्यात बुडवायचं नाही, ब्लोअरसमोर धरायचं नाही, काचेच्या टाकीत घालून उन्हात तर अजिबात नाही, बंद काचेत ऊन शिरलं की थोड्या वेळात आत जीव जाईल इतकं तापतं. आणि खायला नाही द्यायचं, उपाशी दिसला तरी. अंग गार असताना गिळलेलं पचत नाही, आत सडतं आणि बाहेर येतं.

आता खरी खरेदी. लोक आधी हीटर घेतात आणि थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा कंट्रोलर) "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात, माझं म्हणणं नेमकं उलटं आहे, आधी थर्मोस्टॅट घ्या आणि उरलेल्या पैशात जमेल ते हीटर. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट (टाकीखाली लावायची विजेवर तापणारी पातळ चटई) म्हणजे गॅसवर ठेवून विसरलेला तवा, ४५-५० च्या पुढे आरामात जाते. आणि सापाला पोटाखालचा चटका पटकन कळत नाही हो, तो भाजत असतानाही तिथेच वेटोळं घालून पडून राहतो. हीट रॉक म्हणून जे खोटे दगड मिळतात ते याच कारणासाठी घेऊच नका.

रेप्टाईलचे ब्रँडेड थर्मोस्टॅट महाग असतात, पण अंडी उबवायच्या मशीनला जो एसटीसी-१००० कंट्रोलर लावतात तो मॅटला मस्त चालतो, पोल्ट्रीचं सामान ठेवणाऱ्याकडे किंवा ऑनलाइन मिळतो, घेताना २२० व्होल्टचाच बघून घ्या. त्याच्या मागे उघडे स्क्रू-टर्मिनल असतात, तर ते डब्यात बसवून घ्या, इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंगसकट. सातपूर-अंबडला पॅनलचं काम करणारा ओळखीचा असेल तर उत्तमच. सेटिंगमध्ये एफ१ म्हणजे हवं ते तापमान, एफ२ म्हणजे किती खाली आलं की परत चालू व्हायचं, ते ०.५ ठेवा. एफ४ ने प्रोबचा, म्हणजे वायरच्या टोकाला असलेल्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा, फरक दुरुस्त होतो. एफ३ कॉम्प्रेसरसाठी आहे, तिकडे बघायची गरज नाही. वायर हीटिंगच्या रिलेवर जोडलीय की कूलिंगच्या हे मात्र दोनदा तपासा, उलटं जोडलं तर तापल्यावर हीटर चालू होईल.

मॅट टाकीच्या तळाच्या एक तृतीयांश भागात, एका टोकाला आणि काचेच्या बाहेरून. संपूर्ण तळ तापवला तर सापाला पळायला जागा राहत नाही, त्याला गरम बाजू आणि गार बाजू दोन्ही पाहिजेत, तो स्वतःच ये-जा करून अंग ॲडजस्ट करतो. गरम बाजूचा तळ ३१-३२, गार बाजू २५-२६, आणि दोन्हीकडे लपायला एकेक घट्ट जागा, एकाच बाजूला लपण ठेवलं तर तो उबेपेक्षा लपायलाच महत्त्व देतो आणि गारठत तिथेच बसतो. टाकी फरशीवर नको, टेबलावर ठेवा आणि खाली चारी कोपऱ्यांना छोटे पाय लावा, मॅटखाली हवा खेळली नाही तर काच तडकू शकते.

प्रोबची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण सगळी भानगड तिथेच होते. प्रोब मॅट आणि काच यांच्या मध्ये, बाहेरच्या बाजूने पक्का बसवा. टाकीच्या आत ठेवला तर साप तो ढकलतो, पाण्याच्या भांड्यात पाडतो, मग प्रोब वाचतो २२ आणि मॅट बिचारी बंदच होत नाही. आत ठेवावाच लागला तर झिप-टायने किंवा हॉट ग्लूने बांधा. चिकटपट्टी टाकीच्या आत कुठेही नको, ती सुटते, सापाच्या अंगाला चिकटते आणि काढताना खवले सोलून येतात. चिकटलीच तर ओढू नका, खाण्याचं तेल लावून हळूहळू सोडवा.

प्रोब बाहेर असला की स्क्रीनवरचा आकडा आणि आतला आकडा सारखा नसणार. तर काय करायचं, तळाला अंथरलेलं कोकोपीट (नारळाचा भुसा) बाजूला सारून उघड्या काचेवर टेम्परेचर गन मारायची, कारण साप खोदत खोदत शेवटी काचेपर्यंत जातोच. वरून मोजलं तर २९ दिसेल आणि खाली काच ३७ असेल. कोविडमध्ये घेतलेली कपाळाची गन असेल तर ती बॉडी मोडवरून सरफेस मोडवर टाका, नाहीतर ती भलतंच काहीतरी दाखवते. काच ३२ येईपर्यंत एफ१ थोडा थोडा वरखाली करत राहा. चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर टाइमपास आहेत, दोन डिजिटल प्रोबवाले घ्या, एक गरम बाजूला, एक गार बाजूला. हे सगळं रिकाम्या टाकीत एक पूर्ण दिवस-रात्र चालवून बघा, पहाटे ५ चा आकडा खरा, दुपारचा नाही.

पहाटे तळ ठीक पण हवा २१-२२ असेल (आपल्याकडे जानेवारीत असेलच) तर मॅट एकटी पुरत नाही, वरून सिरॅमिक हीट एमिटर (बल्बसारखा होल्डरमध्ये बसणारा हीटर) लावा. तो उजेड देत नाही म्हणून रात्री चालतो, लाल बल्ब नको. होल्डर चिनी मातीचाच, प्लास्टिकचा वितळतो. भोवती जाळी, नाहीतर साप बल्बलाच विळखा घालतो. याला वेगळा थर्मोस्टॅट लागतो आणि त्याचा प्रोब टाकीतल्या हवेचं तापमान मोजेल असा ठेवा. पण एमिटर हवा फार कोरडी करतो, आर्द्रता ५५-६० च्या खाली गेली की कात तुकड्यातुकड्यात निघते, म्हणून पाण्याचं भांडं मोठं ठेवा. वरची जाळी पाऊण झाका आणि मागून-बाजूंनी बाहेरून थर्मोकोल लावा, बिल निम्मं राहिलं नाही तरी फरक नक्की पडतो. थर्मोकोल एमिटरपासून लांब, हे सांगायला नको.

लाइट गेली तर मॅट २०-३० वॅटची असते, घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर निघते, एमिटर मात्र इन्व्हर्टरवर टाकू नका, बॅटरी बसते. टाकीवर चादर, आणि वर सांगितली तीच टॉवेलवाली बाटली.

एप्रिल-मेमध्ये उलटी गंमत, बाहेर ४० असताना मॅट बंदच राहील पण खोलीच ३५ च्या वर गेली तर थर्मोस्टॅट काही करू शकत नाही, टाकी खालच्या मजल्यावर किंवा कूलर असलेल्या खोलीत हलवा.

रेस्क्यू साप आल्या आल्या त्याचं पोट बघा. पोटाचे आडवे खवले लालसर, तपकिरी किंवा फोड आलेले असतील तर आधीच्या घरात भाजलाय. तोंड उघडं ठेवून मान वर धरतोय, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडात बुडबुडे, तर फुफ्फुसाचं इन्फेक्शन. दोन्हीला घरगुती हळद-बिळद नको, एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे जा, आणि जाताना थर्मोकोलच्या बॉक्समधूनच.

सगळे आकडे आठवडाभर स्थिर राहिले की पहिलं खाणं, त्याच्या जाडीपेक्षा बारीकच उंदीर, मेलेला आणि कोमट केलेला. मग दोन दिवस हात लावू नका. उलटून टाकलं तर लगेच परत देऊ नका, दोन आठवडे थांबा, आणि त्या दोन आठवड्यांत आधी गन घेऊन काचेचं तापमान परत मोजा, पुन्हा उलटलं तर मात्र व्हेट.