सोलरची सबसिडी अडकते कुठे? या चुका टाळा

घराच्या गच्चीवर सोलर बसवायला सबसिडी देणारी पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ला आली, तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, सोसायटीतले असे बऱ्याच जणांचे फॉर्म मी भरून दिलेत आणि सबसिडी अडकली की कारण बहुतेक वेळा तेच निघतं.

सगळ्यात आधी वीजबिल घ्या आणि वरचं नाव वाचा. माझ्या मामांच्या घराचं मीटर आजोबांच्या नावावर होतं, आजोबा जाऊन अकरा वर्षं झालेली, बिल वेळेत भरलं जातंय म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सोलर बसवून देणारा व्हेंडर म्हणाला, "काका, ते नंतर बघू, आधी पॅनल चढवून घेऊ." आता अर्ज होतो बिलावरच्या माणसाच्या नावाने, पैसे जातात त्याच्याच खात्यात, मग आजोबांचं खातं आणायचं कुठून? मृत्यूचा दाखला काढा, वारसांची संमती घ्या, मावशी नाशिकला तिची सही आणा, असं करत मीटर मामांच्या नावावर व्हायला साडेतीन महिने गेले, तोवर नेट मीटर (घेतलेली आणि वीज कंपनीला परत दिलेली वीज मोजणारं मीटर) नाही, पॅनल गच्चीवर पडून आणि कर्जाचा हप्ता सुरू. आता नाव बदललेलं बिल समोर ठेवल्याशिवाय मी कोणाचाही अर्ज उघडतच नाही, कितीही घाई असू दे.

दुसरं म्हणजे स्वस्त पॅनल. सबसिडी फक्त डीसीआर पॅनलला मिळते, म्हणजे आतले सेल आणि त्यांपासून जोडलेलं अख्खं पॅनल (मॉड्यूल) दोन्ही भारतात बनलेले. कोटेशन कमी दिसलं की लोक सही करून मोकळे होतात, हे मला अजिबात पटत नाही. 'डीसीआर' हा शब्द कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नको.

पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, झाले ७८ हजार. पुढे पाच बसवा नाहीतर आठ, सबसिडी तेवढीच. वर्षभराची बिलं बघून साइज ठरवा.

सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी अर्ज सोसायटीच्या नावानेच करा, तिथे किलोवॅटला १८ हजार.

दुकानाच्या कमर्शियल मीटरला ही सबसिडी नाहीच. तिथे फायदा इन्कम टॅक्समधल्या ४० टक्के डेप्रिसिएशनचा (घसाऱ्याचा, म्हणजे सिस्टीमच्या किमतीतला तेवढा भाग खर्च म्हणून दाखवता येतो), पण त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच मिळतो, म्हणून सप्टेंबर संपायच्या आत सिस्टीम चालू करा, दिवाळीच्या मुहूर्ताला थांबू नका.

रजिस्ट्रेशनला व्हेंडरचा नाही, स्वतःचा मोबाईल नंबर द्या. आणि नेट मीटर लागलं म्हणजे पैसे आपोआप येतील असं धरून बसू नका, पोर्टलवर बँकेची माहिती आणि कॅन्सल्ड चेक टाकावा लागतो, चेकवरचं नाव आणि खाते नंबर नीट वाचता येईल असाच फोटो काढा.