बर्फावरील मासेमारीसाठी महागडे सोनार यंत्र घेण्यापूर्वी या चुका टाळा

टोरांटोच्या उत्तरेला, गाडीने तासाभराच्या अंतरावर असलेले लेक सिमको जानेवारीत गोठले की त्यावर मासेमारांच्या झोपड्यांची वस्ती उभी राहते. हल्ली तिथे एक प्रश्न हमखास ऐकू येतो, आणि तिकडे राहणारे मराठी हौशी मासेमारही तो विचारू लागले आहेत. सोनार म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधणारे यंत्र. काही शे डॉलरचा जुना फ्लॅशर, म्हणजे भोकाखालचे मासे आणि तळ गोल तबकडीवर रंगीत रेघांनी दाखवणारा साधा सोनार ठेवावा, की तीन हजार कॅनेडियन डॉलरच्या घरात जाणारा, पाण्यातील माशांची हालचाल चित्रासारखी दाखवणारा लाईव्ह सोनार घ्यावा? माझ्या मते बहुतेकांची चूक यंत्र निवडण्यात होत नाही. आपण मासेमारी कशी करतो हे न तपासताच ते किंमत मोजतात.

भाड्याच्या झोपडीसाठी लाईव्ह सोनार घेणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लाईव्ह सोनारचे खरे बळ आडव्या दिशेला पाहण्यात आहे. दांड्याला लावलेला ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि प्रतिध्वनी टिपणारा भाग) भोकातून खाली सोडून सावकाश फिरवला, की पंधरा-वीस मीटर दूरचा माशांचा थवा दिसतो; मग त्या दिशेला चालत जाऊन ऑगरने, म्हणजे बर्फ पोखरणाऱ्या गिरमिटाने, नवे भोक पाडायचे असते. हातात ऑगर आणि फिरण्याची मोकळीक असलेल्या माणसाची पंचवीस भोके पाडण्याची मेहनत त्यामुळे पाच-सहा भोकांवर येऊ शकते. परंतु झोपडीचा मालक आपल्याला सकाळी नेऊन सोडणार, भोके त्याने आधीच पाडलेली असणार आणि संध्याकाळी तोच न्यायला येणार असेल, तर दूरचा थवा दिसूनही त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. अशा ठिकाणी गळाच्या नेमके खाली काय आहे एवढेच कळणे पुरेसे असते, आणि ते काम फ्लॅशर चोख करतो.

दिवसांचा हिशेब न करणे

सिमकोवर भरवशाचा बर्फ साधारणपणे जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत मिळतो, तोही दरवर्षी सारखा नसतो. नोकरी सांभाळून वर्षाला आठ दिवस जाणाऱ्याने तीन हजारांचे यंत्र पाच हिवाळे वापरले, तरी चाळीस दिवसांवर विभागलेला खर्च दिवसाला ७५ डॉलर पडतो. उन्हाळ्यात तेच यंत्र होडीवर लावणार असाल तर हे गणित पूर्ण बदलते, आणि मग खरेदीला माझी फारशी हरकत नाही.

जुन्या यंत्राचा दोष न शोधताच ते बदलणे

“माझा फ्लॅशर मासे दाखवतच नाही” ही तक्रार घेऊन दुकानात जाणाऱ्यांपैकी अनेकांचा फ्लॅशर ठणठणीत असतो. सर्वप्रथम ट्रान्सड्यूसर पाहावा. तो बर्फाच्या खालच्या कडेच्या थोडा खाली, अगदी समपातळीत लटकायला हवा. तो भोकाच्या आत राहिला किंवा तिरका झाला, तर ध्वनी बर्फाच्या भिंतीवर आपटतो. भोकातील बर्फाचा चुरा झाऱ्याने काढून टाकावा, कारण त्यातील हवेचे बुडबुडे ध्वनी अडवतात. (नितळ, बुडबुडे नसलेल्या बर्फातून ध्वनी आरपार जातो, म्हणून अशा बर्फावर थोडे पाणी ओतून त्यावर ट्रान्सड्यूसर टेकवला, तर भोक न पाडताही खोली मोजता येते. वर साचलेल्या पांढऱ्या, हिमाच्या थरातून मात्र हे साधत नाही.)

त्यानंतर गेन, म्हणजे प्रतिध्वनी किती वाढवून दाखवायचा ते ठरवणारे बटण, तपासावा. तो फार वाढवला तर सारी तबकडी रंगांनी भरून जाते आणि फार कमी ठेवला तर आपले आमिषही दिसत नाही. आमिष खाली सोडून त्याची बारीक रेघ जेमतेम दिसेल इतकाच गेन ठेवणे, ही माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी सवय आहे. तबकडीवर अर्थहीन रेषा फिरत असतील, तर शेजारच्या झोपडीतील सोनारचा अडथळा येत असण्याचा संभव मोठा असतो. त्यासाठी बहुतेक फ्लॅशरवर वेगळे बटण असते.

सर्वांत कमी लक्ष जाते ते शंकूच्या कोनाकडे. ट्रान्सड्यूसरमधून निघालेला ध्वनी खाली जाताना शंकूसारखा पसरतो. २० अंशांचा शंकू ३ मीटर खोलीवर सुमारे १ मीटर रुंद असतो, पण ३० मीटरवर तो जवळजवळ साडेदहा मीटर पसरतो. फ्लॅशर केवळ अंतर मोजतो, दिशा सांगत नाही, आणि कडेचा मासा सरळ खालच्या तळाइतक्याच अंतरावर असू शकतो. त्यामुळे तळ अगदी सपाट असला तरी ३० मीटर खोलीवर शंकूच्या कडेला, तळापासून सुमारे ४५ सेंटीमीटरच्या आत असलेला मासा तळाच्या प्रतिध्वनीतच मिसळून जातो, आणि तळ उतरता असेल तर हा आंधळा पट्टा आणखी वाढतो. ९ अंशांच्या शंकूत तोच पट्टा जेमतेम ९ सेंटीमीटरचा असतो. सिमकोच्याच केम्पेनफेल्ट बे या उपसागरात खोली चाळीस मीटरपर्यंत जाते आणि व्हाइटफिश हा मासा तळालगत चरतो. तिथे नव्या यंत्रापेक्षा अरुंद शंकूचा ट्रान्सड्यूसर घेणे कितीतरी स्वस्त आणि परिणामकारक ठरते. सिमकोच्या दुसऱ्या उपसागरात, कुक्स बेच्या उथळ पाण्यात, पर्च मासा धरणाऱ्याला तर ही अडचण जाणवतही नाही.

थंडी आणि बॅटरी विसरणे

लाईव्ह सोनार फ्लॅशरपेक्षा कितीतरी जास्त वीज खातो. म्हणून जाहिरातीतील किमतीत मोठ्या लिथियम बॅटरीची आणि चार्जरची किंमत मिळवूनच तुलना करावी. शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता कडाक्याच्या थंडीत बरीच घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी थंडीत तुलनेने बरी चालते, पण शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर कायमची बिघडू शकते. रात्रभर गाडीत राहिलेली बॅटरी घरात आणून आधी ऊब घेऊ द्यावी. शिवाय हे सारे ओझे स्लेजवरून ओढायचे असते.

दिसलेला मासा लागणारच, असे धरून चालणे

पडद्यावर मासा आमिषापर्यंत येतो, क्षणभर थांबतो आणि वळून निघून जातो. हे पाहून आमिषाचा आकार किंवा ते हलवण्याची लय बदलणारा माणूस फ्लॅशरवरही शिकतो, कारण तिथेही आमिषाकडे सरकणारी रेघ दिसतेच. तेवढा सराव झालेला नसताना महागडा पडदा घेतला, तर न लागणारे मासे अधिक स्पष्ट दिसतात, इतकाच फरक पडतो.

एवढे तपासूनही मन नव्या यंत्राकडे ओढ घेत असेल, तर ओळखीच्या मासेमाराबरोबर एक पूर्ण दिवस त्याच्या यंत्रावर काढावा, आणि त्या दिवशी पडद्यावर दूर दिसलेल्या माशांपैकी किती माशांच्या डोक्यावर आपण खरोखर भोक पाडायला गेलो, ते मोजावे.