हातघडणीची लाकडी व्हिसल: निवड, वादन आणि निगा

जत्रेत काठीला खोचून विकायला आणलेल्या बासऱ्या नीट पाहिल्या, तर त्यांत दोन प्रकार सापडतात. एक आडवी धरायची, जिच्या भोकावर ओठांनीच फुंकेची धार साधावी लागते आणि जिच्यातून पहिला आवाज निघायलाच नवख्याला कित्येक दिवस लागतात. दुसरी उभी धरायची, जिच्या टोकात बूच बसवलेले असते आणि जी तोंडात धरून नुसती फुंकली तरी वाजते. या दुसरीला आपण अलगूज म्हणतो. आयर्लंडच्या लोकसंगीतात जी सहा भोकांची ‘व्हिसल’ वाजते ती याच कुळातली आहे. कारखान्यात ती पत्र्याची किंवा पितळेची होते, परंतु काही कारागीर ती आजही लेथवर लाकूड कातून, एका वेळी एक अशी घडवतात. अशी व्हिसल घ्यावी कशी, तिच्यावर आपले सूर काढावेत कसे आणि आपल्या हवेत ती टिकवावी कशी, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी वाद्याची रचना समजून घ्यावी

तोंडात धरायच्या टोकाला नळीत लाकडी बूच असते. बूच आणि नळीची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद, चपटी फट ठेवलेली असते. फुंक या फटीतून सरळ पुढे जाते आणि नळीच्या पाठीवर कापलेल्या लहानशा चौकोनी खिडकीच्या पलीकडच्या धारेवर आदळते. तेथे ती क्षणात धारेच्या आत, क्षणात बाहेर अशी झुलू लागते आणि नळीतली हवा कंप पावते. म्हणजे आडव्या बासरीत जे काम वादकाचे ओठ करतात, ते येथे कारागिराने आधीच करून ठेवलेले असते. रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये पत्र्याच्या व्हिसल बनवायला सुरुवात केली. त्यांच्या पत्र्याच्या नळीतही बूच मात्र लाकडाचेच होते.

फटीची उंची किंवा धारेचा कोन केसभर बदलला तरी आवाज बदलतो. त्यामुळे एकाच कारागिराने एकाच ओंडक्यातून केलेल्या दोन व्हिसल तंतोतंत सारख्या वाजत नाहीत. एखादीला खालचे स्वर भरदार येतात आणि वर चढताना ती थोडी अडते, तर दुसरी वर सहज जाते पण खाली जरा पातळ बोलते. कारखान्याच्या मालात असा फरक आढळला तर आपण त्याला दोष म्हणतो. येथे मात्र तो त्या वाद्याचा स्वभाव असतो, आणि तो ओळखून त्याप्रमाणे आपली फुंक बसवत जाणे यातच हे वाद्य बाळगण्याची निम्मी मौज आहे.

पहिली पायरी: पट्टी आणि लाकूड ठरवणे

सर्वांत प्रचलित व्हिसल ‘डी’ची असते. तिची लांबी साधारण तीस सेंटिमीटर भरते आणि सहाही भोके झाकली की पांढरी दोनचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, स्वर निघतो. तिचा आवाज उंच असून बंद खोलीत तो टोचतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांचा विचार आधीच केलेला बरा. खालच्या सप्तकातली ‘लो डी’ फार गोड वाजते, परंतु ती जवळजवळ दुप्पट लांब असते आणि तिची भोके इतकी दूर असतात की लहान पंजाच्या माणसाची बोटे तेथवर पोचत नाहीत. पहिल्या खरेदीसाठी उंच डी किंवा तिच्याहून थोडी खालची ‘सी’ घ्यावी, असे माझे मत आहे.

लाकडांत आफ्रिकन ब्लॅकवुडचा मान मोठा आहे. क्लॅरिनेट ज्याची करतात तेच हे लाकूड. ते इतके घट्ट असते की पाण्यात टाकले तर बुडते. आपल्या सह्याद्रीतला शिसव त्याच्याच कुळातला, आणि त्याचीही व्हिसल उत्तम होते. बॉक्सवुडचा आवाज थोडा मऊ असतो, परंतु ते लाकूड ओल लवकर धरते आणि त्यामुळे वाकण्याचा संभव अधिक असतो. परदेशातून मागवणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असावी. शिसवाच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून ‘साइट्स’ या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले होते आणि वाद्यांनाही परवान्यांची कटकट लागली होती. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तरीही पावतीवर लाकडाचे नाव स्पष्ट लिहून घ्यावे.

दुसरी पायरी: घेताना तपासणी

वाद्य हातात आल्यावर पहिली पाच मिनिटे न वाजवता नुसते पाहण्यात घालवावीत. उजेडाकडे धरून फटीतून पाहिले असता ती सरळ, स्वच्छ आणि दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीची दिसली पाहिजे. धार एकसंध असावी. तिला टवका गेलेला असेल तर ते वाद्य कितीही सुंदर दिसो, बाजूला ठेवावे. भोकांच्या कडांवरून बोट फिरवावे. त्या किंचित गोल केलेल्या असतील तर बोट चांगले बसते, आणि कारागिराने शेवटचा हात मनापासून फिरवला आहे हेही कळते.

त्यानंतर व्हिसल दोन-तीन मिनिटे मुठीत धरून कोमट करावी. हवा तापली की तिच्यातून आवाज अधिक वेगाने जातो, दर अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर इतका, आणि त्याच प्रमाणात सूर चढतो. म्हणून थंड व्हिसल उतरलेली वाजते. तेवढ्यावरून तिला बेसूर ठरवणे अन्यायाचे होईल. कोमट झाल्यावर फोनवरचा ट्यूनर लावून सहाही भोके झाकावीत, हलक्या फुंकेने खालचा स्वर आणि मग जोर वाढवून त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला स्वर काढावा. दोन्ही स्वर एकमेकांशी जुळले पाहिजेत. एकेक बोट उचलत हीच परीक्षा प्रत्येक स्वराची घ्यावी. थोडाफार फरक फुंकेने सावरता येतो, परंतु सप्तकेच एकमेकांपासून ढळलेली असतील तर त्यावर वादकाकडे उपाय नाही.

तिसरी पायरी: पहिले तीन आठवडे

नवे लाकूड कोरडे असते, आणि आपल्या श्वासातली ओल त्याला आतून मिळू लागते. आतला थर फुगतो, बाहेरचा तसाच राहतो, आणि या ताणामुळे लाकूड तडकते. म्हणून पहिल्या आठवड्यात दिवसाकाठी दहा मिनिटांपेक्षा अधिक वाजवू नये. दुसऱ्या आठवड्यात पंधरा आणि तिसऱ्यात वीस मिनिटे चालतील. नवे वाद्य हाती आल्यावर दहा मिनिटांत खाली ठेवणे किती जड जाते हे मला ठाऊक आहे, तरी हा नियम मोडू नये. वाजवून झाले की काडीला मऊ सुती फडके गुंडाळून नळी आतून पुसावी, मात्र ते फडके धारेपर्यंत नेऊ नये.

या दिवसांत गाणी वाजवण्याच्या फंदात न पडता एकेक स्वर लांबवावा. प्रत्येक बोटस्थितीवर फुंक अगदी क्षीण करून हळूहळू वाढवत न्यावी. एका मर्यादेखाली स्वर पडतो आणि एका मर्यादेवर तो फुटून वरच्या सप्तकात उडी मारतो. या दोन मर्यादांमध्ये एक जागा अशी सापडते, जेथे स्वर भरून येतो आणि बोटांखाली लाकूड थरथरलेले जाणवते. ती जागा प्रत्येक व्हिसलमध्ये वेगळी असते आणि प्रत्येक स्वरालाही थोडी वेगळी. माझ्याकडच्या शिसवी व्हिसलला खालचे दोन स्वर जवळजवळ उसासा टाकावा इतक्या हलक्या फुंकेने लागतात, आणि हे कळायला मला महिना लागला. तोवर मी तिला चिरकी समजत होतो.

चौथी पायरी: बोटे

डावा हात वर, उजवा खाली. प्रत्येक हाताची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका भोकांवर, अंगठे मागून आधाराला. भोके बोटांच्या टोकांनी झाकू नयेत, पेराच्या मांसल भागाने झाकावीत आणि दाबू नयेत. पाच मिनिटे वाजवून बोटे उलटी करून पाहावीत. प्रत्येकावर भोकाचा पूर्ण गोल वळ दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर तेथून हवा निसटते आहे. नवख्यांच्या किंचाळण्याचे कारण बहुतेक वेळा फुंकेत नसून उजव्या अनामिकेत असते.

पाचवी पायरी: षड्ज कोठे मानायचा

येथे आपल्या वाचकाला एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो आयरिश वादकापुढे नसतो. आयरिश पद्धतीत सहाही भोके झाकली की मूळ स्वर मिळतो आणि खालून एकेक बोट उचलत गेले की शुद्ध स्वरांचे सप्तक सरळ लागते. म्हणजे डीच्या व्हिसलवर षड्ज पांढरी दोनचा. बालगीत, आरती, एखादी साधी चाल लगेच वाजवायची असेल तर हीच पद्धत सोपी पडते.

परंतु हिंदुस्थानी बासरीत वरची तीन भोके झाकून षड्ज मानतात, आणि तीच पद्धत व्हिसलवर जशीच्या तशी चालते. मग डीच्या व्हिसलचा षड्ज पांढरी पाचचा होतो. त्याच्याखाली मंद्र सप्तकातले निषाद, धैवत आणि पंचम अनुक्रमे चार, पाच आणि सहा भोके झाकून मिळतात. षड्जापासून वर दोन भोके झाकून ऋषभ, एक झाकून गंधार आणि सगळी मोकळी ठेवून तीव्र मध्यम लागतो. शुद्ध मध्यमासाठी बासरीवादक वरचे भोक अर्धे झाकतो. व्हिसलवर आणखी एक सोय आहे: वरचे भोक मोकळे ठेवून त्याखालची दोन झाकली की शुद्ध मध्यम मिळतो, आणि तोही स्थिर. पुढे आडवी बासरी शिकायची इच्छा असेल त्याने पहिल्या दिवसापासून हीच पद्धत धरावी, कारण एकदा बोटांत बसलेला षड्ज नंतर हलवणे फार कष्टाचे होते.

मध्य सप्तकातल्या पंचमापाशी सर्वजण अडखळतात. गंधारावर एकच बोट खाली असते, आणि पंचमासाठी सहाही बोटे एकदम खाली येऊन शिवाय फुंकही वाढावी लागते. भूप राग वाजवायला घेतला की हे वळण पहिल्याच ओळीत समोर येते. त्यावर युक्ती अशी की पंचमाला सगळ्यांत वरचे भोक मोकळे ठेवावे आणि उरलेली पाच झाकावीत. त्यामुळे स्वर खालच्या सप्तकात घसरत नाही आणि फुंकेचा झटकाही द्यावा लागत नाही. आधी ‘ग प’, मग ‘ग प ध प’, एवढेच दहा-दहा वेळा संथपणे घोटावे.

स्वर सुटे करण्यासाठी जिभेने हलकेच ‘तु’ म्हणावे. आयरिश वादक मात्र पुष्कळदा जीभ न वापरता वरचे बोट क्षणभर उचलून स्वर तोडतात. आपल्या कणस्वराशी, म्हणजे मुख्य स्वराला ओझरत्या लागणाऱ्या स्वराशी, त्याचे नाते सहज ऐकू येते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, घ्यायची असेल तर बोट उचलू नये, भोकावरून सरकवत बाजूला न्यावे. मोठ्या भोकांच्या लाकडी व्हिसलवर ती सुरेख येते.

निगा

वाजवता वाजवता आवाज घोगरा झाला तर फटीत दव साचले आहे असे समजावे. खिडकी बोटाने अलगद झाकून एक जोरदार फुंक मारली की ते निघून जाते. फटीत काडी, पिन, कागद यांपैकी काहीही घालू नये.

लाकडाला तेल लागते, पण थोडे. बदामाचे तेल चांगले. घरातले खोबरेल वापरण्याचा मोह होतो, परंतु ते साधारण चोवीस अंशांखाली गोठते आणि पुण्या-नाशिकच्या थंडीत नळीत त्याचा चिकट थर बसतो. वाद्य एक दिवस पूर्ण वाळू द्यावे, फडक्याला तेलाचे काही थेंब लावून नळी आतून-बाहेरून पुसावी, रात्रभर ठेवून सकाळी उरलेले तेल टिपून घ्यावे. पहिले काही महिने महिन्यातून एकदा, पुढे वर्षातून तीन-चारदा पुरते. बूच, फट आणि धार यांना तेल अजिबात लागता कामा नये. पुष्कळ कारागीर बूच सीडरच्या लाकडाचे करतात, कारण ते ओल शोषून घेते आणि फारसे फुगत नाही. तेल मुरले की त्याचा हा गुणच जातो. मी एकदा अति उत्साहाने सगळी व्हिसल तेलात न्हाऊ घातली होती. तिचा आवाज बसला तो महिनाभर बसलेलाच राहिला, आणि शेवटी कारागिराकडे पाठवून नवे बूच बसवून घ्यावे लागले.

आपल्याकडे खरी परीक्षा हवेची होते. एप्रिल-मेमध्ये देशावर हवा इतकी कोरडी असते की वाद्य उघड्यावर ठेवले तर तडकू शकते. त्या दिवसांत ते डबीत ठेवावे, आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत तर कधीच विसरू नये. कोकणात जुलैमध्ये उलटा प्रकार होतो. दोन तुकड्यांच्या व्हिसलचा सांधा फुगतो आणि घट्ट बसतो. अशा वेळी पिरगळून ओढू नये. दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवले की तो बहुधा आपणच सैल होतो. त्यानंतर सांध्यावर दोरा गुंडाळलेला असेल तर त्याचे एक-दोन वेढे कमी करावेत, आणि पावसाळा संपल्यावर सांधा ढिला वाटू लागला की तेच वेढे पुन्हा चढवावेत. त्यासाठी डबीत थोडा मेणाचा दोरा ठेवलेला असावा.