जुनी फोर्ड पिकअप सेल्फ मारते, पण चालू होत नाही?

अमेरिकेत जुनी फोर्ड एफ-१५० वापरत असाल आणि मागून हलकी धडक बसल्यावर किंवा मोठ्या खड्ड्यात आदळल्यावर गाडी बंद पडली, तर लगेच टो-ट्रक बोलावू नका. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या अनेक जुन्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांत इनर्शिया स्विच असतो. त्यात चुंबकाने धरलेली पोलादी गोळी असते. धक्क्याने ती सुटते, संपर्क तोडते आणि पेट्रोल पंपाचा (टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या) वीजपुरवठा थांबतो. अपघातानंतर फाटलेल्या पाइपातून पेट्रोल उसळत राहू नये, म्हणून ही सोय.

चावी फिरवल्यावर टाकीकडून एक-दोन सेकंद घूंऽऽ आवाज यायला हवा. नसेल येत, तर आधी गाडीखाली वाकून बघा. पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर स्विचला हातच लावायचा नाही. सगळं कोरडं असेल तर प्रवाशाच्या पायांजवळ, डॅशबोर्डखाली हा स्विच चाचपा. वर आलेलं बटण खाली दाबा, चावी ऑन करा, बंद करा आणि पुन्हा एकदा गळती तपासा. मगच सेल्फ मारा.

बटण खालीच असेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाला वीज सोडणारा विद्युत स्विच) बघा. धक्का न लागता स्विच वारंवार उडत असेल तर नवा बसवा. वायर जोडून तो बायपास करणं हा निव्वळ आगीशी खेळ.