टोमॅटो तडकतोय? या चुका टाळा

मे-जूनमध्ये पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेडकडचा टोमॅटो तोडणीला येतो आणि त्याच सुमारास वळवाचा पाऊस सुरू होतो. दोन दिवसांत कलर धरलेल्या फळांना तडे दिसायला लागतात आणि शेतकरी थेट औषधाच्या दुकानात जातो. बहुतेक वेळा दुखणं औषधाचं नसतं, पाण्याचं असतं.

जमीन कोरडी पडली की फळाची वाढ मंदावते आणि साल घट्ट होते. मग एकदम भरपूर पाणी मिळालं की मुळं ते ओढतात, आतला गर फुगतो, पण साल तेवढी ताणत नाही. फळ पिकायला लागलं की सालीची लवचिकता आणखी कमी होते, म्हणून रंग बदलताना धोका सर्वांत जास्त. देठापासून खाली उतरणारे उभे तडे जास्त नुकसान करतात, कारण ते खोल जातात. देठाभोवतीचे गोल तडे सहसा उथळ असतात आणि हिरव्या फळावर पडले तर भरूनही येतात.

पाऊस येणार म्हणून ठिबक बंद करणं

ही सर्रास होणारी चूक. चार-पाच दिवस पाणी तोडलं, जमीन सुकली आणि नेमका तेव्हाच जोराचा पाऊस झाला, तर तडकण्याची सगळी तयारी आपणच करून ठेवलेली असते. पावसाचा अंदाज असला तरी पाणी कमी करा, बंद नको. प्रत्यक्ष पाऊस पडला की मगच थांबवा आणि सरीत पाणी तुंबू देऊ नका.

लाईट आली की रात्रभर मोटर चालू

पाच बाय दीड फुटावर एकरात साधारण ५,८०० झाडं बसतात. भर उन्हाळ्यात फळांनी लदलेल्या झाडाला दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी लागतं. मल्चिंग, म्हणजे वाफ्यावर प्लास्टिकचा पेपर अंथरलेला असेल तर त्याहून कमी पुरतं. झाडामागे ताशी ४ लिटरचा एक ड्रिपर धरला, तर हे काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. चार तास ठिबक चालवलं तर पाच ते आठ दिवसांचं पाणी एका रात्रीत दिलं जातं. लाईटची पाळी रात्रीची असेल, तर टायमर लावा किंवा टाकी भरून घेऊन सकाळी पाणी सोडा. काही कारणाने खंड पडलाच तर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मंच पाणी द्या, तेही दोन वेळा विभागून.

वाफसा, म्हणजे जमिनीतली योग्य ओल, हाताने कळतो. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, चार ते सहा इंच खोलीची माती काढून मूठ आवळा. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला, तर वाफसा आहे. गोळाच होत नसेल तर ओल कमी. हाताला चिखल चिकटला तर पाणी जास्त झालंय. मल्चिंग पेपरवर असलेल्यांनी तर ही तपासणी चुकवूच नये, वरून काहीच दिसत नाही.

नत्राचा मारा आणि कॅल्शियमची घाई

फळं फुगवायची म्हणून युरिया देत राहिलं की फळ झपाट्याने वाढतं आणि साल नाजूक राहते. फळवाढीत नत्र आवरा, पोटॅश द्या. पण काळ्या जमिनीत पोटॅश मुळात बऱ्यापैकी असतं आणि ते जास्त झालं तर कॅल्शियमच्या शोषणात अडथळा येतो. त्यामुळे माती परीक्षणाशिवाय ०:०:५० (पोटॅशचं विद्राव्य खत) ओतत बसू नका.

कॅल्शियम नायट्रेट एकरी ३ ते ५ किलो, आठवड्यातून एकदा ठिबकमधून पुरेसं. ते ०:०:५० किंवा १२:६१:० (स्फुरदाचं विद्राव्य खत) बरोबर एकाच टाकीत कधीच टाकू नका. पांढरा साका तयार होतो आणि ड्रिपर बुजतात. बुजलेल्या ड्रिपरखालचं झाड तहानलेलं राहतं आणि पाऊस पडला की त्याचीच फळं आधी तडकतात. २० टक्क्यांचं बोरॉन लिटरला १ ग्रॅम, फुलोऱ्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या. त्यापुढे गेलात तर पानांच्या कडा करपतात. आणि तडे गेल्यावर कुठलीही फवारणी केली तरी ते सांधत नाहीत.

पानं ओरबाडणं

पहिल्या घोसाखालची, मातीला टेकणारी पानं काढा. घोसांवर सावली धरणारी मात्र ठेवा. उघडं पडलेलं फळ दुपारी तापतं आणि साल लवकर दगा देते.

लाल होईपर्यंत थांबणं

पावसाचा अंदाज दिसला की टोकाला गुलाबी झाक आलेली फळं तोडून घ्या. ती सावलीत, हवेशीर जागी ठेवली की व्यवस्थित पिकतात आणि लांबच्या बाजारालाही असाच माल लागतो. वारंवार तडकत असेल तर पुढच्या हंगामात जाड सालीचं वाण निवडा.

तडकलेला माल त्याच तोड्यात काढा, झाडावर ठेवलात तर तड्यात बुरशी आणि माश्या शिरतात. त्याचं क्रेट वेगळं ठेवा. नारायणगावच्या बाजारात नेताना चांगल्या क्रेटमध्ये एक जरी फुटका गेला, तरी त्याचा रस खालच्या थरावर उतरतो आणि भाव सगळ्या क्रेटचा पडतो.