टेक्सास होल्डेम या पोकर-प्रकाराचा एक डाव

पत्ते वाटण्याआधी डीलरच्या डावीकडचा लहान ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीची सक्तीची पैज) लावतो, पुढचा बहुधा त्याच्या दुप्पट. (दोघंच असतील तर लहान ब्लाइंड डीलरचा.) प्रत्येकाला दोन पालथे पत्ते, मग बेटिंग. मधे सगळ्यांसाठी तीन पत्ते उघडतात, नंतर एक, पुन्हा एक. दर वेळी बेटिंग. रेझचा (पैज वाढवण्याचा) आकडा आधी बोला. चिपा दोन हप्त्यांत सरकवल्या तर रेझ सहसा धरत नाहीत.

हातातले दोन नि मधले पाच, अशा सातांतले उत्तम पाच मोजायचे, आणि घोळ इथेच होतो. तुमच्याकडे एक्का-अठ्ठी, समोर एक्का-सत्ती. मधे एक्का, राजा, राणी, गुलाम, दुर्री, फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) कुणाचाच नाही. दोघांचेही पाच तेच: दोन एक्के, राजा, राणी, गुलाम. अठ्ठी कामाची नाही, पॉट (जमलेल्या सगळ्या पैजा) निम्मा-निम्मा.