लसणाच्या पाकळ्या आणि मारी बिस्किटे : कोलेस्टेरॉल उतरवताना या चुका टाळा

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीचा, कागद टेबलावर ठेवला की समोरच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मॅडम, काय खाऊ?” आहारतज्ज्ञ म्हणून गेली अठरा वर्षे सांगलीत हेच ऐकते आहे; “कशाच्या जागी काय खाऊ?” असे विचारणारे मात्र बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. ताटात आधीचे सगळे तसेच ठेवून त्यावर सकाळी चार पाकळ्या लसूण, दोन चमचे जवस आणि पेलाभर दुधीचा रस चढवायचा आणि महिन्याभरात आकडा खाली यावा अशी अपेक्षा करायची, याला मी पथ्य म्हणत नाही.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे तूप सोडून बिस्किटे धरणे. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल 262, ट्रायग्लिसराइड (रक्तात फिरणारी चरबी) 310, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) 36 आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 164 होते. गृहस्थ शिस्तीचे, त्यांनी घरातले तूप, अंडी आणि ओले खोबरे त्याच दिवशी बंद केले आणि मी सांगितलेल्या अदलाबदलीचा कागद मात्र घडी घालून खिशात ठेवला. तीन महिन्यांनी नवा अहवाल आला. एलडीएल 150 पर्यंत उतरले होते, पण ट्रायग्लिसराइड 388 वर गेले होते आणि एकूण आकडा 263, म्हणजे जागचा हललेला नव्हता. ते माझ्यावर रागावलेच. मग मी त्यांना आठवडाभर तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू वहीत लिहायला लावली. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, प्रत्येक चहाबरोबर तीन मारी बिस्किटे, तुपाशिवाय कोरडी लागते म्हणून पोळीबरोबर गूळ, संध्याकाळी “तेल नसलेला” म्हणून भाजक्या पोह्यांचा गोडसर चिवडा आणि सोमवारी व गुरुवारी साबुदाण्याची खिचडी, असा सगळा हिशेब त्या वहीत निघाला. तुपाची रिकामी झालेली जागा मैदा, साखर आणि साबुदाणा यांनी भरून काढली होती. गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेची आणि पिठाची यकृत चरबी बनवते आणि तीच ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडते. त्याबरोबर एचडीएलही खाली येते. आपल्याकडच्या पोट सुटलेल्या मंडळींच्या अहवालांत हे जोडदुखणे इतके नेहमीचे आहे की मी एकूण आकड्याकडे सर्वांत शेवटी पाहते.

त्यांचा उपाय काही अद्भुत नव्हता. बिस्किटांच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, दोन पोळ्यांच्या जागी एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ, चहा दोनच वेळा आणि बिनसाखरेचा, उपासाला साबुदाण्याऐवजी वाटीभर दही, फळ आणि थोडे राजगिरे. भाकरीवर चमचाभर तूप मी मुद्दाम परत दिले, कारण त्याशिवाय ते पुन्हा गुळाकडे वळले असते. हे माझे वैयक्तिक मत आहे आणि काही सहकाऱ्यांना ते पटत नाही. चार महिन्यांनी ट्रायग्लिसराइड 178 झाले.

तेलाच्या बाबतीत पिशवीवरील “कोलेस्टेरॉलमुक्त” या शब्दावर लोक अजून पैसे मोजतात. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिजन्य पदार्थांत असते, त्यामुळे शेंगदाणा, करडई, पाम अशा कुठल्याही तेलाला तो शब्द लागू पडतो. पाम तेलातली सुमारे निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, असते, हे मात्र त्या पिशवीवर ठळक दिसत नाही. तेलाचा प्रकार बदलण्याआधी माप पाहावे. माझ्या घरी नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख घालतो आणि महिन्याला माणशी अर्ध्या लिटरच्या वर गेलो तर पुढच्या महिन्यात तळण होत नाही. बेकरीतल्या खारीचेही तसेच आहे. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक चरबीची) मर्यादा जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आली आहे, पण त्यामुळे खारी हलकी झाली असे समजू नये.

ओट्स उपयोगी असतात ते त्यांतील विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) तंतूंमुळे. हे तंतू आतड्यात पित्तातील आम्लांना धरून बाहेर नेतात आणि नवे पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. हेच काम कडधान्ये, घेवडा, वांगी, भेंडी आणि इसबगोलही करतात. मसाला ओट्सचे एक छोटे पाकीट दिवसभराच्या चिवड्याची भरपाई करत नाही. इसबगोल मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे आणि औषधांच्या वेळेपासून दूर ठेवावे. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही घेऊ नये; त्या कडवटपणातल्या विषाने माणसे दगावलेली आहेत.

आता मला सर्वांत जास्त टोचणारी चूक, कारण तिच्यात माझाही वाटा आहे. माझ्या मामांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलेला आहे. एका मुंजीच्या पंगतीत त्यांनी सहज विचारले आणि मीही सहज म्हणून गेले, “आहार नीट सांभाळलात ना मामा, तर गोळीचे ओझे कमी होईल.” त्यांचे एलडीएल तेव्हा 62 होते. आकडा ताब्यात आला, भाचीही म्हणते, मग गोळी कशाला, असा हिशेब करून त्यांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी ती गोळी, परस्पर बंद केले आणि घरात कोणाला सांगितले नाही. दोन महिन्यांनी एलडीएल 148 निघाले. चालणे रोजचे होते, जेवण निर्दोष होते. 62 हा आकडा गोळीचा होता, एवढेच त्यांना आणि पंगतीत मला उमगले नव्हते. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलचे उत्पादनच कमी करते आणि ते बंद केले की काही आठवड्यांत आकडा मूळ जागी परततो. आहाराने एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरलेले मी नेहमी पाहते, पण स्टेंट असलेल्या माणसाला ते 70 च्या, शक्यतो 55 च्या खाली लागते आणि तिथे भाकरी-उसळ एकटी पुरत नाही. गोळीने स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा औषध बदलून घ्यावे. तेव्हापासून मी पंगतीत सल्ला देत नाही.

ज्यांचे एलडीएल 190 च्या वर आहे आणि ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला कमी वयात झटका आला आहे, त्यांनी “नैसर्गिक” उपायांत सहा महिने घालवू नयेत. तो दोष बहुधा आनुवंशिक असतो. वजन वाढते, थकवा येतो आणि एलडीएल हटत नाही, अशा वेळी थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. दारू घेणाऱ्यांनी ट्रायग्लिसराइडचे खापर शेंगदाण्यांवर फोडू नये.

तपासणीच्या आधी पंधरा दिवस कडक पथ्य करून चांगला कागद मिळवणाऱ्यांविषयी मला कधी कीव येते, कधी राग; परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारी मुले निदान स्वतःला फसवत नाहीत. बदल केल्यावर आठ ते बारा आठवडे तो तसाच चालवून, नेहमीचे खात असताना, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत रक्त द्यावे. ताप किंवा मोठे आजारपण नुकतेच होऊन गेले असेल तर थांबावे. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असताना बाकीच्या आकड्यांवरून सूत्राने काढलेल्या एलडीएलवर विसंबू नये, ते थेट मोजून घ्यावे. अहवालाच्या मागे त्या दिवशी कोणती गोळी किती मात्रेत चालू होती ते मी लिहून ठेवायला सांगते. मामांच्या फाइलमधले त्या 148 नंतरचे सगळे कागद त्यांच्याच अक्षरात तसे लिहिलेले आहेत.